लाल डोळा उद्यावर टाकू नका

व्हॉट्सअ‍ॅपवर मला दिवसभर फोटो येत असतात. कुणाच्या पंजात काटा मोडलाय, कुणाच्या कानातून पू येतोय, कुणाच्या पाठीवरचे केस गेलेत. यातलं बरंचसं दुसऱ्या दिवशी सकाळी बघितलं तरी चालतं आणि मी तसं सांगतेही. पण कुत्र्याचा नाहीतर मांजराचा एकच डोळा लाल, धुरकट दिसणारा फोटो आला की मी स्वतः फोन लावते. "आत्ता कुठे आहात? किती वेळात पोचाल?" एवढंच विचारते. समोरचा माणूस बुचकळ्यात पडतो. त्याला वाटत असतं डोळे आलेत, मॅडम थेंब लिहून देतील, मेडिकलमधून आणले की झालं. मला भीती असते ती काचबिंदूची.

साताऱ्यात माझा पाळीव प्राण्यांचा दवाखाना आहे. पेशंट गावातले येतात तसे कोरेगाव, वाई, कराडकडूनही येतात. कुत्र्या-मांजरांना काचबिंदू होतो हेच मुळात पुष्कळांना माहीत नसतं. मोतीबिंदू माहीत असतो, कारण तो पांढरा दिसतो. म्हातारपणी बहुतेक कुत्र्यांच्या भिंगाला निळसर झाक येते, ती तर मोतीबिंदूही नसते आणि तिचा काही त्रासही नसतो. काचबिंदूचं नाव काढलं की मात्र हमखास प्रश्न येतो, "तो माणसांना होतो ना?"

माणसांचा काचबिंदू बहुतेकदा गुपचूप येतो. कडेची नजर वर्षानुवर्षं कमी होत जाते आणि माणसाला पत्ता लागत नाही. कुत्र्यांमध्ये तो पुष्कळदा एका रात्रीत उसळतो आणि भयंकर दुखतो. ज्या माणसांना असा अचानक चढणारा प्रकार होतो त्यांचं डोकं ठणकतं, उलट्या होतात, मध्यरात्री दवाखाना गाठावा लागतो. कुत्रा ओरडत नाही. तो कोपऱ्यात जाऊन पडतो, जेवण अर्धवट टाकतो, डोक्यावरून हात फिरवायला गेलं की मान काढून घेतो. घरातले म्हणतात, ऊन बाधलं असेल.

आत काय होतं ते थोडक्यात सांगते. डोळ्याच्या पुढच्या भागात एक स्वच्छ पाणी सतत तयार होत असतं. ते बुबुळाच्या, म्हणजे बाहुलीभोवतीच्या रंगीत कड्याच्या, मागे पाझरतं, बाहुलीतून पुढे येतं, भिंगाला आणि डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक थराला, म्हणजे पारपटलाला, पोसतं आणि कडेच्या कोनात असलेल्या बारीक जाळीतून रक्तात निघून जातं. नळ चालू आणि मोरीही वाहती, म्हणून पातळी कायम राहते. मोरी तुंबली की पाणी चढतं, कारण नळ बंद होत नाही. डोळा सगळीकडून बंद असल्यामुळे तो सगळा भार मागच्या पडद्यावर आणि मेंदूकडे जाणाऱ्या नसेवर येतो.

निरोगी कुत्र्या-मांजराच्या डोळ्यातलं प्रेशर साधारण १० ते २५ मिलिमीटर पारा एवढं असतं आणि दोन डोळ्यांत फारसा फरक नसतो. २५ च्या वर गेलं आणि डोळ्यात बाकीची लक्षणंही दिसली की मी काचबिंदू धरूनच चालते. अचानक आलेल्या झटक्यात ५०, ६० असे आकडे दिसतात. तेवढं प्रेशर टिकून राहिलं तर एक ते तीन दिवसांत नजर कायमची जाते, काही डोळ्यांत त्याच्याही आधी. आणि नस मेल्यामुळे गेलेली नजर कुठल्याही औषधाने, कुठल्याही ऑपरेशनने परत येत नाही. म्हणून "उद्या आणतो" हे शब्द ऐकले की माझ्या पोटात गोळा येतो.

बंड्या नावाचा एक कॉकर स्पॅनियल पिल्लू असल्यापासून माझ्याकडे येतो. त्याचे मालक, आमचे काका, एसटीत ड्रायव्हर होते, आता निवृत्त झालेत. जानेवारीतली गोष्ट. दवाखाना बंद करायच्या वेळेला काका त्याला उचलूनच आत घेऊन आले. सात वर्षांचा, बारा किलोचा कुत्रा, एरवी दारातूनच माझ्या अंगावर उडी घेणारा, तो त्यांच्या खांद्यात तोंड खुपसून बसला होता.

"मॅडम, काल सकाळधरनं डावा डोळा लाल दिसतोय. हिनं गुलाबपाण्यानं पुसून घेतला. आज भाकरीला तोंडच लावंना."

टेबलावर ठेवल्यावर त्याने डावी पापणी घट्ट मिटूनच घेतली. हलकेच उघडली तर पांढऱ्या भागावर जाड, गडद लाल शिरा तट्ट फुगलेल्या. पारपटलावर निळसर धुकं. त्या धुक्याआड बाहुली एवढी पसरलेली की बुबुळाची तपकिरी कडा नावापुरती उरली होती. टॉर्च मारला, बाहुली हलली नाही. उजव्या डोळ्यावर मारला, त्याची बाहुली झटकन लहान झाली. डोळ्यासमोर हात नेला तर डाव्या बाजूला पापणी लवली नाही. पण खूप प्रखर उजेड टाकल्यावर त्याने तो डोळा किंचित आवळला. त्या एवढ्याशा हालचालीने मला धीर आला. पडदा आणि नस अजून पूर्ण मेलेली नाही याची ती खूण असते.

इथेच डोळे येणं आणि काचबिंदू वेगळे पडतात. डोळे आलेले असतात तेव्हा लाली पापणीच्या आतल्या बाजूला जास्त असते, चिपडं भरपूर येतात, पण बाहुली नेहमीसारखी असते आणि नजर शाबूत असते. काचबिंदूत बाहुली मोठी, उजेडाला न हलणारी आणि त्यावर धुकं. घरी एवढं तरी कुणालाही बघता येतं: अंधाऱ्या खोलीत मोबाइलचा टॉर्च लावा आणि दोन्ही बाहुल्या सारख्याच लहान होतात का ते बघा. पापणीवरून बोटाने दाबून प्रेशर कळतं असं काही जण सांगतात, त्यावर अजिबात विसंबू नका. खूपच चढलेलं असेल तर डोळा दगडासारखा लागेलही, पण ३५ आणि १५ मधला फरक बोटाला कळत नाही, आणि दुखऱ्या डोळ्यावर दाब देणं हा त्या जिवावर अन्याय आहे.

प्रेशर मोजायच्या आधी मी गळ्यातला पट्टा काढायला लावते. गळा आवळला की डोळ्यातलं प्रेशर वाढतं. २००६ साली यावर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. गळपट्ट्याने ओढलेल्या कुत्र्यांचं प्रेशर चढलं, छातीच्या हार्नेसने ओढलं तेव्हा चढलं नाही. काचबिंदूच्या प्रत्येक कुत्र्याला मी म्हणूनच हार्नेस घ्यायला सांगते. माझ्याकडचा टोनोमीटर, म्हणजे प्रेशर मोजायचं यंत्र, नव्या पद्धतीचा आहे. त्यातून एक बारीक सुई, टोकाला इवलासा गोल मणी असलेली, पारपटलाला अलगद टेकून मागे फिरते. अशी सहा वेळा टेकली की यंत्र सरासरी दाखवतं. स्पर्श इतका हलका की डोळा बधिर करणारा थेंबसुद्धा लागत नाही. धरणाऱ्याने हनुवटी खालून आधार द्यायचा, गळ्याला हात लावायचा नाही, आणि पापणी उघडताना बोटाचा जोर डोळ्याच्या गोळ्यावर येऊ द्यायचा नाही, नाहीतर आकडा फुगतो. हे वाचणाऱ्या माझ्या व्यवसायबंधूंना एक सांगणं आहे: नवं यंत्र परवडत नसेल तर शिओट्झचा टोनोमीटर तरी ठेवा. तो १९०५ पासून वापरात आहे, डोळा बधिर करून आणि तोंड छताकडे करून वापरावा लागतो, कटकटीचा आहे, पण काहीच न मोजण्यापेक्षा लाखपटीने बरा.

बंड्याचा उजवा डोळा १७ आला. डावा ५४.

औषध घालायच्या आधी भिंग जागेवर आहे का ते बघावंच लागतं. काही कुत्र्यांमध्ये, विशेषतः जॅक रसेलसारख्या टेरियरमध्ये, भिंगाला धरून ठेवणारे धागे तुटतात आणि भिंग बाहुलीच्या पुढे येऊन अडकतं. तिथे बाहुली आकसवणारं औषध घातलं तर प्रेशर आणखी वाढतं. बंड्याचं भिंग जागेवर होतं. मी प्रेशर उतरवणाऱ्या लॅटानोप्रोस्टचा एक थेंब घातला. काकांनी बाटली बघताच ओळखली.

"ही तर आमच्या हिची. रोज रात्री घालती की."

खरंच तेच औषध. काकूंना काचबिंदू आहे आणि त्यांच्या फ्रिजच्या दारात ती बाटली कायम असते. कुत्र्यांमध्ये हे औषध फार झपाट्याने काम करतं, पुष्कळदा तासाभरातच. तरीही माझी विनंती आहे, घरात बाटली आहे म्हणून कुणी आपल्या मनाने घालू नका. भिंग सुटलेलं असलं किंवा डोळ्यात आतून सूज असली तर त्याने नुकसान होतं, आणि हे घरी कळायला मार्ग नाही.

थेंबाच्या जोडीला मॅनिटॉल लावायचं होतं. हे शिरेतून दिलं की ते डोळ्यातलं पाणी रक्ताकडे ओढून घेतं. साताऱ्याच्या थंडीत मॅनिटॉलची बाटली उजेडात धरली की तळाशी पांढरे खडे दिसतात. ती गरम पाण्यात ठेवून, अधूनमधून हलवून, खडे पूर्ण विरघळवायचे, मग अंगाच्या उबेवर येऊ द्यायची आणि फिल्टर असलेल्याच सेटमधून चालवायची. हे वीस मिनिटांचं काम अशा वेळी जिवावर येतं, पण त्याला पर्याय नाही. त्याआधी हृदय ऐकायचं, किडनीचा काही त्रास नाही ना ते तपासायचं, कारण मॅनिटॉलचा ताण या दोन्हींवर पडतो. बारा किलोच्या बंड्याला २० टक्क्यांचं ६० मिलिलिटर, म्हणजे किलोला एक ग्रॅम, अर्ध्या तासात सावकाश दिलं. त्यानंतर काही तास पाणी द्यायचं नसतं. कुत्र्याला तहान लागते, तो भांडं शोधतो, आणि मालकाला ते बघवत नाही. पण पाणी पाजलं की केलेलं सगळं वाया जातं.

तासाभराने बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झाली होती आणि प्रेशर ३१. रात्री उशिरा १९. बंड्याने सलाइनची पट्टी लावलेला पाय सरळ केला, एक लांब श्वास सोडला आणि काकांच्या चपलेवर डोकं ठेवून झोपला. दुखणं थांबलेला प्राणी कसा झोपतो ते मला शब्दांत नीट सांगता येत नाही, पण ज्यांनी एकदा बघितलंय ते विसरत नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्याचा उजवा डोळा हाताने झाकून डाव्या बाजूने कापसाचा बोळा खाली सोडला. कापसाला वास नाही, पडताना आवाज नाही, तेव्हा मान वळली तर ती दिसलं म्हणूनच. बंड्याची मान वळली.

सगळ्यांचं असं होत नाही. माझ्याकडे येणाऱ्या अशा डोळ्यांपैकी बरेच आधी मेडिकलमधून जाऊन आलेले असतात. दुकानात "कुत्र्याचा डोळा लाल आहे" म्हटलं की पुष्कळदा अँटिबायोटिक आणि स्टेरॉइड एकत्र असलेले थेंब हातात पडतात. काचबिंदूत त्याने प्रेशर उतरत नाही, फक्त दिवस जातात. आणि पारपटलावर जखम असली तर स्टेरॉइडने ती खोल जाऊन डोळा फुटूही शकतो. जखम आहे की नाही ते फ्लुरेसिन नावाच्या रंगाने बघतात. जखम असली की तिथे हिरवा डाग उठतो. दोन मिनिटांची तपासणी आहे. दुसरं औषध अ‍ॅट्रोपिन. ते बाहुली मोठी करतं, सुजलेल्या डोळ्यात काही वेळा त्याची गरजही असते, पण काचबिंदूत ते घातलं तर आगीत तेल. न मोजता अ‍ॅट्रोपिन घालू नये, या बाबतीत मी कुणाचंही काही ऐकून घेत नाही.

आपल्याकडच्या गावठी कुत्र्यांमध्ये मला जास्त दिसतो तो दुय्यम काचबिंदू, म्हणजे दुसऱ्या आजारामागून आलेला. त्यात मोठा वाटा गोचिडांचा. गोचिडांतून होणाऱ्या अर्लिकिया या तापात डोळ्याच्या आत सूज येते, कधी रक्त उतरतं. सुरुवातीला सूज असते तेव्हा प्रेशर उलट कमी असतं, १० च्या खाली, आणि गाफील राहिलं तर तिथेच फसगत होते. सूज चालू राहिली की बुबुळाची कडा भिंगाला चिकटत जाते. ती सगळीकडून चिकटली की पाण्याला बाहुलीतून पुढे यायला वाट उरत नाही, मागे साठलेल्या पाण्याने बुबुळ पुढे फुगतं, कोन बंद होतो आणि प्रेशर चढायला लागतं. म्हणून तापाच्या कुत्र्याला साधारण २८ दिवसांचं डॉक्सिसायक्लिन पूर्ण द्या म्हणते तेव्हा त्यात डोळ्याचाही हिशेब असतो. दहा दिवसांत कुत्रा खेळायला लागला म्हणून गोळ्या बंद केल्या असं कृपा करून करू नका. पिकून गळायला लागलेला मोतीबिंदू, डोळ्याला बसलेला मार, आतली गाठ, यांच्यामागूनही काचबिंदू येतो. डायबेटिसच्या कुत्र्यांना मोतीबिंदू फार लवकर होतो, तेव्हा त्यांचेही डोळे नेमाने बघायला हवेत.

बंड्याचा प्राथमिक काचबिंदू, म्हणजे कोनाची ठेवणच जन्मापासून अरुंद. कॉकर, बॅसेट हाउंड, चाऊ चाऊ, हस्की, शिबा इनू अशा काही जातींमध्ये तो जास्त दिसतो. बीगलमध्येही आहे, पण तिथे कोन उघडा असतो आणि प्रेशर हळूहळू चढतं. या आजाराचं सगळ्यात वाईट म्हणजे तो एका डोळ्यावर थांबत नाही. २००० साली अमेरिकेत बऱ्याच केंद्रांनी मिळून केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. एक डोळा काचबिंदूने गेलेल्या कुत्र्यांच्या दुसऱ्या, चांगल्या डोळ्यात काहीच औषध घातलं नाही तर साधारण आठ महिन्यांत तोही बिघडला. आधीपासून थेंब घातलेल्या डोळ्यांना हाच काळ साधारण एकतीस महिने मिळाला. कुत्र्याच्या आयुष्यात जवळजवळ दोन वर्षं जास्तीची नजर! त्यामुळे दुखरा डोळा सावरत असतानाच मी पहिलं बोलते ते चांगल्या डोळ्याबद्दल. लोकांना वाटतं, धड असलेल्या डोळ्यात औषध कशाला. मला वाटतं, तोच डोळा आता जपायचा आहे.

बंड्याला पुण्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. पुण्या-मुंबईत आता प्राण्यांच्या डोळ्यांचं काम करणारे डॉक्टर आहेत. सरकारी ठिकाणी जायचं तर आपल्या भागाला शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळ पडतं आणि मुंबईत परळचं, १८८६ पासूनचं. पुण्यात खास भिंग लावून उजव्या डोळ्याचा कोन बघितला. तोही अरुंदच निघाला. त्या दिवसापासून डाव्यात लॅटानोप्रोस्ट आणि डॉर्झोलामाइड-टिमोलॉल हे प्रेशर उतरवणारं जोड-औषध, उजव्यात फक्त दुसरं. दोन औषधांमध्ये निदान पाच मिनिटांचं अंतर ठेवायचं, नाहीतर दुसरं पहिल्याला धुऊन नेतं. वेळा चुकवायच्या नाहीत. काकांनी आयुष्यभर एसटीचं वेळापत्रक पाळलं, त्यांनी हेही पाळलं. कालनिर्णयच्या चौकटीत दर थेंबाला एक टिंब. डॉर्झोलामाइड झोंबतं, म्हणून थेंबानंतर लगेच गाजराचा तुकडा. टिमोलॉलने हृदयाची गती मंदावते, तेव्हा दर भेटीला छाती ऐकायचीच.

एवढं करूनही काही महिन्यांनी डाव्याचं प्रेशर पुन्हा चढलं आणि औषधांना बधेना. नजर गेली, डोळा ताणून मोठा झाला. अशा वेळी नजर शिल्लक असेल तर लेसरने पाणी बनवणारा भाग थोडा जाळतात किंवा पाणी वाहून नेणारी बारीक नळी बसवतात. या सोयी मोजक्याच ठिकाणी आहेत आणि खर्चिक आहेत. नजर गेलेल्या, दुखणाऱ्या डोळ्यासाठी माझं उत्तर एकच असतं: डोळा काढून टाका.

हे ऐकून घरात शांतता पसरते. काकू रडल्या. "अहो, कसा दिसंल तो? लोक काय म्हणतील?" मी त्यांना म्हणाले, काकू, तुमचं डोकं कधी दुखलंय का असं की उजेड नको, आवाज नको? बंड्याचं ते रोज दुखतंय. त्याला आरसा बघायचा नाही. त्याला दुखायचं थांबायला हवंय. थेंब घालत राहिलो तर आपल्या मनाचं समाधान होईल, त्याचं दुखणं तसंच राहील. त्या बराच वेळ त्याच्या कानामागे खाजवत बसल्या आणि मग म्हणाल्या, "करून टाका."

ऑपरेशन पूर्ण भूल देऊन करतात. डोळा काढून पापण्या शिवून टाकतात. गळ्यात प्लास्टिकची कॉलर, दुखण्याची औषधं आणि दहा ते चौदा दिवसांनी टाके काढायचे. केस वाढले की तिथे मिटलेला डोळा असावा इतकंच दिसतं. काढलेला डोळा मी तपासणीला पाठवतेच, आत गाठ तर नव्हती ना ते कळायला हवं. आठवडाभरातच काकांचा फोन आला. बंड्या चेंडू घेऊन दारात उभा राहतोय, पहाटे काकूंच्या अंथरुणात घुसतोय. "मॅडम, गेलं वर्षभर आम्हाला वाटत होतं ह्याचं वय झालं." हे वाक्य मी वेगवेगळ्या घरांतून ऐकलंय, जवळजवळ याच शब्दांत. वय झालेलं नसतं, दुखत असतं.

दोन्ही डोळे गेलेले कुत्रेही माझ्याकडे आहेत. खाट, टिपॉय, पाण्याचं भांडं यांच्या जागा हलवल्या नाहीत आणि हात लावायच्या आधी नाव घेतलं की ती छान जगतात. नाक आणि कान त्यांच्याकडे आपल्यापेक्षा कितीतरी सरस असतात.

मांजरांचं निराळं आहे, आणि त्यांच्याकडे दुर्लक्ष फार होतं. मांजराचा डोळा लाल होईलच असं नाही. ती सज्ज्यावर बसून राहते, जेवते, अंग चाटते आणि आत प्रेशर चढत असतं. मध्यंतरी एका घरातल्या मुलीने दिवाळीचे फोटो बघताना आपल्या म्हाताऱ्या बोक्याची एक बाहुली दुसरीपेक्षा मोठी आहे हे हेरलं आणि ती त्याला घेऊन आली. बाकी काहीच तक्रार नव्हती. प्रेशर ३८. त्या मुलीचं मला फार कौतुक वाटलं. मांजरांमध्ये बहुतेक वेळा मूळ कारण जुनी आतली सूज किंवा गाठ असतं, म्हणून मी एफआयव्ही (मांजरांची प्रतिकारशक्ती घटवणारा विषाणू) आणि ल्युकेमिया विषाणूची तपासणी करते आणि बुबुळावर तपकिरी डाग पसरतोय का ते नीट बघते. सयामी आणि बर्मी मांजरांत प्राथमिक प्रकारही आढळतो. कुत्र्याला तारणारं लॅटानोप्रोस्ट मांजराचं प्रेशर उतरवत नाही, नुसती बाहुली बारीक करतं. मांजराला डॉर्झोलामाइड उपयोगी पडतं. थेंब घशात उतरला की काही मांजरं तोंडाला फेस आणतात, त्याने घाबरू नका. दम्याच्या मांजराला टिमोलॉल नको. आणि पोटातून द्यायच्या काचबिंदूच्या गोळ्या मांजरांना सोसत नाहीत, त्यांच्या वाटेला मी जात नाही.

आता एक बोलायचं राहिलं आहे, आणि ते ऐकायला कुणाला आवडत नाही. बंड्या अजून उजव्या डोळ्याने बघतो आहे, प्रेशर आटोक्यात आहे. मध्यंतरी काकांकडे एक ओळखीचे गृहस्थ आले. त्यांच्याकडे कॉकरची मादी होती आणि त्यांना बंड्याचं बीज हवं होतं, रंग सुंदर आहे म्हणून. काकांनी त्यांना थेट माझ्याकडे पाठवलं. मी नाही म्हटलं. ते म्हणाले, एका पिल्लाला होईल कदाचित, सगळ्यांना थोडंच होतं. मी त्यांना त्या जानेवारीतल्या रात्रीचं सगळं सांगितलं. प्राथमिक काचबिंदू रक्तातून उतरतो. ज्या कुत्र्याला झाला त्याच्यापासून पिल्लं घ्यायची नाहीत, त्याच्या भावंडांपासूनही नाहीत, आणि कॉकर, बीगल, हस्कीचं पिल्लू घेताना आईबापांच्या डोळ्यांची चौकशी करायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. विकणारा उडवाउडवी करत असेल तर पिल्लू घेऊ नका. ते गृहस्थ नाराज होऊन गेले. काकांनी मात्र बंड्या जिथून आणला त्या घरचा नंबर शोधून काढला, आणि त्याच्या बहिणीला, ती कराडला असते, आता दर सहा महिन्यांनी प्रेशर बघायला माझ्याकडे आणतात.